हुक कशाला अडकवायचा?

'बेल्ट लावला नव्हता.'

बांधकामावरून माणूस पडला की पहिलं वाक्य हे येतं. मुकादम पोलिसांना हेच सांगतो. साइट इंजिनिअर कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच टाइप करतो. दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी आली तर तिच्या शेवटी हेच असतं, आणि बातमीखाली कुणीतरी लिहितंच, 'ही लोकं ऐकतच नाहीत.' तीन शब्दांत चौकशी सुरू होते आणि तिथेच संपते. मेलेला माणूस स्वतःच्या मरणाचा आरोपी ठरतो. बाकी सगळे साक्षीदार.

मला या वाक्यावर एकच प्रश्न विचारायचाय. बेल्ट लावला असता, तर त्याचा हुक कशाला अडकवायचा होता?

ज्यांनी तो बेल्ट कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेफ्टी बेल्ट म्हणजे खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती जाणारे पट्टे. त्याला मागे एक दोरी, दोरीच्या टोकाला हुक. वाचवण्याचं काम पट्टे करत नाहीत. हुक ज्याला अडकवलाय ती गोष्ट करते. ती पक्की हवी. पडणाऱ्या माणसाचा झटका सोसेल अशी पोलादी दोरी, किंवा काँक्रीटमध्ये बसवलेली कडी. ती माणसाच्या डोक्याच्या वर असली तर आणखी चांगलं, कारण मग तो कमी अंतर पडतो. आणि ती जागोजागी हवी, कारण काम करणारा माणूस एका जागी उभा राहत नाही.

आता कुठल्याही चालू टॉवरच्या वरच्या मजल्याची कड डोळ्यांसमोर आणा. स्लॅब संपतो तिथे सळया वर आलेल्या, पलीकडे हवा. कड्याही नाहीत, ताणलेली दोरीही नाही. मग बेल्ट घातलेला कामगार हुक कुठे लावतो? परांचीच्या बांबूला, जो बांबू स्वतःच काथ्याच्या दोरीने बांधलेला असतो. नाहीतर सळईला. आणि कित्येकदा स्वतःच्याच बेल्टला, म्हणजे हुक लोंबकळून पायात येऊ नये म्हणून. फोटोत तो सुरक्षित दिसतो. फाईलला तो फोटो लागतो. तो पडला, तर बेल्टसकट पडतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं : आपल्याकडे सुरक्षा नावाची सगळी सामग्री कामगाराच्या अंगावर चढवली जाते, इमारतीवर नाही. आणि जबाबदारीचंही तेच झालंय. कायद्यात ती आहे, पट्टे आहेत, दोरी आहे, पण हुक कुणालाच अडकवलेला नाही.

सात माणसं, चाळीस मजले

१० सप्टेंबर २०२३. रविवार. ठाण्यात बाळकुमला, म्हणजे कोलशेतच्या अगदी शेजारी, रुणवाल आयरीन या संकुलातल्या चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम चालू होतं. संध्याकाळी काम संपवून कामगार बांधकामाच्या लिफ्टने खाली निघाले. लिफ्ट कोसळली आणि थेट खाली पार्किंगच्या मजल्यावर आदळली. सात जणांचा जीव गेला. लिफ्टचा आधाराचा दोर तुटल्याचं सुरुवातीला सांगण्यात आलं.

या सातांपैकी कुणीही बेल्ट लावायला विसरला नव्हता. कुणी वाकून खाली बघत नव्हतं, कुणी मोबाईलवर बोलत कडेला गेलं नव्हतं. दिवसभराचं काम करून ते लिफ्टमध्ये उभे होते. म्हणजे तुम्ही-मी रोज जे करतो तेच करत होते. 'बेल्ट लावला नव्हता' हे वाक्य इथे चालतच नाही, म्हणून बाळकुमचा अपघात लक्षात ठेवायला हवा. कामगाराच्या चुकीचा पडदा बाजूला केला की मागे काय असतं ते तिथे उघडं दिसतं. एक यंत्र, त्याची देखभाल, ती देखभाल तपासणारा माणूस, आणि त्या माणसाला तपासणारं सरकार.

त्याच्या दीडच महिना आधी, १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे, ठाणे जिल्ह्यातच शहापूर तालुक्यात सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं. २० माणसं गेली. त्याआधी दहा वर्षं, ४ एप्रिल २०१३ ला, शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडली आणि ७४ जण मेले. त्यात त्याच इमारतीवर काम करणारे आणि तिथेच बिऱ्हाड मांडलेले कामगार होते, त्यांची मुलं होती.

हे तीन प्रसंग मोठे होते, म्हणून आपल्याला आठवतात. मुख्यमंत्री येतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते. पण बांधकामावरचं मरण बहुतेक वेळा असं सामूहिक नसतं. ते एकट्याचं असतं. एक माणूस, एक मजला, दुपारचे तीन. डक्टच्या तोंडावर टाकलेला प्लायचा तुकडा सरकतो. लिफ्टच्या खड्ड्याला लावलेली आडवी पट्टी कुणीतरी माल आत घ्यायला काढलेली असते. सेंटरिंग सोडवताना पाट निसटतो. आतल्या खोलीत प्लॅस्टर करताना घोडा कलंडतो. घोडा दोन मीटरचा. तेवढी उंचीही डोक्यावर पडायला पुरते.

पडणं किती झटपट असतं याचा अंदाज नसतो आपल्याला. एका मजल्यावरून, म्हणजे साधारण तीन मीटरवरून, जमिनीला पोचायला पाऊण सेकंद लागतो आणि आदळताना वेग ताशी २८ किलोमीटरच्या घरात असतो. दहा मीटरवरून दीड सेकंदही लागत नाही आणि वेग ताशी ५० होतो. 'त्याने काहीतरी धरायला हवं होतं' असं म्हणणाऱ्याने पाऊण सेकंदात खिशातला फोन काढून दाखवावा.

जमीन तीच, कामगार दुसरा

कोलशेत हे नाव आज जाहिरातीत भेटतं. खाडीचा देखावा, २०२४ मध्ये उघडलेलं सेंट्रल पार्क, घोडबंदर रोडवरून येणारी मेट्रो, हायवेला दहा मिनिटं. पण मूळ गाव आगरी-कोळ्यांचं. खाडी, बंदर, शेती. मग कारखाने आले. सँडोज, जी पुढे क्लॅरियंट झाली, आणि बायर, अशा रासायनिक कंपन्या या रस्त्यावर होत्या. ठाण्यातल्या किती घरांत 'बाबा सँडोजला होते' हे वाक्य अजून बोललं जातं.

ते कारखाने म्हणजे सुवर्णयुग नव्हतं. रसायनांच्या कामात धोका असतोच, आणि तो काय असतो हे डोंबिवलीने २६ मे २०१६ ला प्रोबेसच्या स्फोटात आणि २३ मे २०२४ ला अमुदानच्या स्फोटात पाहिलं. पण कारखान्याला एक फाटक होतं. फाटकावर हजेरी लागायची. कामगाराचं नाव, नंबर, खातं एका कंपनीच्या वहीत असायचं. माणूस जखमी झाला तर कुणाचा माणूस जखमी झाला हा प्रश्नच नव्हता. युनियन होती. १९४८ चा कारखाना कायदा होता आणि त्या कायद्याखाली फाटकातून आत येण्याचा अधिकार असलेला निरीक्षक होता.

कारखाने गेले, जमिनी विकल्या गेल्या, टॉवर उभे राहिले. त्याच जमिनीवर आजही कामगार आहेत. पण तो टॉवर ज्याच्या नावावर विकला जातोय त्या कंपनीच्या वहीत त्यांचं नाव नाही. विकासकाने काम मुख्य ठेकेदाराला दिलं. त्याने स्लॅबचं एकाला, विटांचं दुसऱ्याला, रंगाचं तिसऱ्याला, वॉटरप्रूफिंगचं चौथ्याला दिलं. त्या प्रत्येकाने खाली मुकादम नेमला. मुकादमाने गावाकडून माणसं आणली, आधी उचल देऊन. माणूस पडला की ही साखळी उलटी फिरते. विकासक म्हणतो, आमचा कामगार नाही. मुख्य ठेकेदार म्हणतो, सब-काँट्रॅक्टरचा आहे. सब-काँट्रॅक्टर मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादमाचा फोन बंद.

जो कारखाना स्वतः काही विकत होता त्याला आपला कामगार माहीत होता. जो टॉवर स्वतः विकला जातो त्याला तो माहीत नाही. याला आपण विकास म्हणतो.

'ऐकतच नाहीत' याचा हिशेब

आता जी हरकत नक्की येणार ती घेऊ. साइटवर काम केलेले वाचक म्हणतील, खरंच सांगतो, बेल्ट दिले तरी घालत नाहीत. काढून ठेवतात.

खरं आहे. काढून ठेवतात. का?

एक, कारण मजुरी कामावर मोजली जाते. चौरस फुटाच्या भावाने प्लॅस्टर करणाऱ्या माणसाला दर चार पावलांनी हुक काढून पुढे लावायचा तर दिवसाचं काम कमी भरतं. ते कमी भरलेलं काम कोण सोसणार? त्याच्या दरात सुरक्षेसाठी लागणारा वेळ धरलेलाच नाही. म्हणजे त्याला सुरक्षित राहायचं असेल तर स्वतःच्या खिशातून राहायचं. दोन, एप्रिल-मेच्या ठाण्यात ते पट्टे अंगावर घालून आठ-दहा तास काढून बघा. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, त्याला माहीत असतं की हुक लावायला काही नाही. ज्या बेल्टचा उपयोग नाही तो न घालणारा माणूस बेफिकीर नसतो. तो साइट तुमच्यापेक्षा चांगली ओळखतो.

सुरक्षेच्या शास्त्रात बेल्टची जागा पहिली कधीच नव्हती. आधी बघायचं की उंचीवर चढून करायचं काम जमिनीवर करता येईल का. मग कडेला कठडा, उघड्या डक्टवर पक्कं झाकण, परांचीवर बांधलेल्या पूर्ण रुंदीच्या फळ्या. मग खाली जाळी. हे सगळं करूनही धोका उरला तर बेल्ट. कठडा सगळ्यांना वाचवतो. ज्याने ऐकलं त्यालाही आणि ज्याने ऐकलं नाही त्यालाही. बेल्ट फक्त त्यालाच वाचवतो जो प्रत्येक क्षणी, प्रत्येक पावलाला, थकलेला असतानाही चूक करत नाही. आपण शेवटची पायरी पहिली केली, कारण ती स्वस्त आहे आणि चुकली तर दोष आपोआप दुसऱ्याच्या अंगावर जातो.

आणि गंमत अशी, की जो युक्तिवाद मुकादमापासून प्रतिक्रिया लिहिणाऱ्यापर्यंत सगळे करतात तो कायद्याने केव्हाच बाद केलाय. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा वाचा. त्यात लिहिलंय की कामगार नशेत होता, किंवा त्याने सुरक्षेचा आदेश जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं, तर मालकाला भरपाई टाळता येते. पण ही सवलत मृत्यूला आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाला लागू नाही. म्हणजे माणूस कामावर असताना कामामुळे मेला, तर त्याने बेल्ट लावला होता की नव्हता हा प्रश्न भरपाईपुरता गैरलागू आहे. भरपाई द्यावीच लागते. आणि ठेकेदाराचा माणूस होता ही सबबही चालत नाही. ज्याने आपल्या धंद्याचं काम ठेक्यावर दिलं त्या मूळ मालकावर ती जबाबदारी येते. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला प्रश्न.

रक्कम किती? सूत्र असं : महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८ आहे. पगार कितीही असला तरी हिशेबाला १५,००० च्या वर धरायचा नाही, ही मर्यादा २०२० च्या जानेवारीत ठरली. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८. पंधरा लाख ५९ हजार ८५० रुपये. वेळेत दिले नाहीत तर व्याज, आणि कारण नसताना अडवले तर दंड वेगळा.

आता आठवा, अशा मृत्यूनंतर 'मिटवलं' हा शब्द किती सहज वापरला जातो. ॲम्ब्युलन्सचं भाडं, गावापर्यंत सोबत दोन माणसं, पाकिटात काही रक्कम, आणि एका कागदावर अंगठा. ते पैसे दयेचे म्हणून दिले जातात. पंधरा लाखांच्या हक्काच्या बदल्यात मिळालेल्या पाकिटाला कुटुंब हात जोडतं. माझ्या रागाचं मूळ इथे आहे. मृत्यू लपवला जातो याचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग या गोष्टीचा येतो की येणं असलेलं कर्ज उपकार म्हणून फेडलं जातं.

पेटी

सरकार काय करतं? सरकार पेटी देतं.

१९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला. त्या पैशांतून कामगारांचं कल्याण करण्यासाठी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि नोंदणी चालू ठेवावी लागते. नोंदणी चालू असलेला कामगार कामावर मेला तर वारसांना पाच लाख. मुलांना शिष्यवृत्ती आहे, इतरही योजना आहेत. मंडळ निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ज्या कुटुंबांना हे पैसे मिळाले त्यांना त्यांची किंमत विचारा.

पण मंडळाची सगळ्यात गाजलेली गोष्ट कोणती? भांड्यांचा संच आणि सुरक्षा संचाची पेटी. गावोगावी वाटपाचे कार्यक्रम होतात, मंचावर पुढारी असतात. पेटीत हेल्मेट असतं, बूट असतात, आणि सेफ्टी बेल्टही असतो.

नीट विचार करा. बेल्ट पुरवणं हे कायद्याने मालकाचं काम. इथे तो सरकार देतंय, कामगाराच्या हितासाठी गोळा केलेल्या पैशांतून, आणि तोही कामगाराच्या घरी. बेल्ट लातूरच्या किंवा जालन्याच्या घरात पेटीत राहतो. ज्या टॉवरवर तो लागणार तिथे कडी नाही, दोरी नाही, कठडा नाही. आणि उद्या तो माणूस पडला तर म्हणायला सोय झाली : सरकारने बेल्ट दिला होता, त्याने लावला नाही. सुरक्षा ही वाटपाची वस्तू झाली की ती साइटची अट राहत नाही.

शिवाय जो सगळ्यात उंचावर काम करतो तोच सहसा या नोंदणीच्या बाहेर असतो. परराज्यातून मुकादमाबरोबर आलेला, चार महिने इथे, तीन महिने पनवेलला, मग घरी. त्याला ९० दिवसांचं प्रमाणपत्र कोण देणार? जो देऊ शकतो तो देत नाही, कारण सही केली की 'हा माझा कामगार' हे कबूल केल्यासारखं होतं. पुन्हा तोच हुक.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यांत सामावले गेले. भरपाईचं सूत्र कायम राहिलं. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर किमान पाच लाखांचा दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला निम्मा किंवा जास्त भाग वारसांना द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. हे चांगलं आहे. पण त्याच संहितेत निरीक्षकाचं नाव बदललं. तो आता निरीक्षक तथा सुविधाकर्ता आहे. ज्याने अचानक येऊन काम थांबवायचं त्याने आधी सल्ला द्यायचा. दंड वाढवला आणि पकडणारा हात सैल केला, तर दंडाचा आकडा पुस्तकातच राहतो.

मोजलं तर दिसेल

कारखान्यांतल्या मृत्यूंची आकडेवारी केंद्राकडे जमा होते. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो दरवर्षी अपघाती मृत्यू मोजतं, त्यात 'उंचावरून पडून' असा रकाना असतो. पण त्या रकान्यात झाडावरून पडलेला, गच्चीवरून पतंगामागे गेलेला आणि बाविसाव्या मजल्यावरून कामावर असताना पडलेला, तिघे एकत्र असतात. पोलीस ठाण्यात आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जखमीला आणलं तर केसपेपरसाठी तो किती उंचीवरून पडला हे विचारतात, कारण उपचाराला ते लागतं. कुणाच्या साइटवर पडला हे उपचाराला लागत नाही. म्हणून ते कुणालाच लागत नाही.

आणि जे मरत नाहीत ते तर कुठेच नाहीत. मणका मोडलेला माणूस. त्याला चौघांनी हातपाय धरून उचलून टेम्पोत टाकलं, कारण साइटवर स्ट्रेचर नव्हतं, आणि असं उचलल्याने दुखावलेला मज्जारज्जू आणखी दुखावतो हे कुणी शिकवलं नव्हतं. तो जगला. गावी खाटेवर आहे. त्याची बायको दुसऱ्याच्या शेतात जाते. त्याचा आकडा कुठल्या अहवालात आहे?

दुसरीकडे, तुम्ही घर घ्यायला निघालात तर महारेराच्या पानावर त्या प्रकल्पाबद्दल बरंच कळतं. कारपेट एरिया, ताब्याची तारीख, किती फ्लॅट विकले, विकासकावर कोणते दावे चालू आहेत. २०१७ च्या आधी हे कुणी दाखवत नव्हतं. बिल्डर लोक म्हणत होते, धंदा बसेल. बसला नाही. मग त्याच पानावर आणखी एक रकाना का नको? या प्रकल्पावर बांधकाम सुरू झाल्यापासून किती कामगार मेले, किती कायमचे जखमी झाले, किती जणांना भरपाई मिळाली. सिंगापूरमध्ये सरकारने असं पान ठेवलंय. कुठल्याही बांधकाम कंपनीचं नाव टाकून तिची सुरक्षेची कामगिरी बघता येते. नियम मोडणाऱ्या कंपनीला तिथे दोषांक मिळतात आणि ते साचले की बाहेरून कामगार आणायची परवानगी बंद होते. ब्रिटनमध्ये काम करून घेणाऱ्या ग्राहकावरही, म्हणजे ज्याच्यासाठी इमारत उभी राहतेय त्याच्यावरही, सुरक्षेची कायदेशीर जबाबदारी आहे.

परदेशाची उदाहरणं नको असतील तर महाराष्ट्राचंच घ्या. माथाडी कामगाराला तरी एक मालक कुठे होता? आज या गोदामात, उद्या त्या बाजारात. सगळे व्यापारी म्हणायचे, आमचा नाही. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर १९६९ मध्ये कायदा झाला, आणि त्याने प्रश्नच उलटा केला. मालक कोण हे शोधत बसायचं नाही. ज्याने काम करून घेतलं त्याने मंडळाकडे मजुरी आणि वर लेव्ही भरायची, कामगाराची नोंद, पगार, भविष्यनिर्वाह निधी मंडळाकडे. त्या व्यवस्थेत पुढे काय काय घुसलं हा वेगळा लेख आहे. पण 'मालक सापडत नाही' या सबबीवर या राज्याने ५० वर्षांपूर्वी उत्तर शोधलं होतं हे विसरू नका. टॉवरच्या कामगाराला ते लागू करायला बुद्धी कमी पडत नाहीये.

'मग घरं महाग होतील,' ही शेवटची हरकत. लॉबीतला इटालियन मार्बल, इन्फिनिटी पूल, चाळिसाव्या मजल्यावरची स्काय डेक, यांनी घर महाग होत नाही का? कठड्याचा पाइप आणि जाळी यांनीच होतं? आणि समजा झालंच थोडं, तर ते वाढलेले पैसे त्या घराची खरी किंमत आहेत. आज ती आपण देत नाही. दुसरं कुणीतरी देतं.

तुमच्या हातात काय आहे

हा लेख फोनवर वाचणाऱ्यांत साइट इंजिनिअर असतील, आर्किटेक्टकडे काम शिकणारे असतील, पहिलं घर बुक करणारे असतील, आणि ज्यांचा भाऊ किंवा काका आज परांचीवर आहे असेही असतील. म्हणून शेवटी भाषण नको, कामाचं सांगतो.

साइट बघायला गेलात तर सॅम्पल फ्लॅटमध्ये नळाची कंपनी विचारता तसं सेल्सच्या माणसाला विचारा, या टॉवरवर आतापर्यंत कुणी पडलंय का? उत्तर काय येतं यापेक्षा तो प्रश्न महिन्यात पन्नास जणांनी विचारला हे वर पोचणं महत्त्वाचं आहे.

साइटवर नोकरी करत असाल तर बेल्टचे फोटो काढण्याआधी कडेच्या कठड्याचा फोटो काढा. नसेल तर 'नाही' असं मेलवर लिहा. तोंडी सांगू नका. तुमच्यावरच ढकललं जाईल त्या दिवशी तो मेल तुम्हालाही वाचवेल.

ओळखीतलं कुणी पडलं तर त्याला हातपाय धरून उचलू देऊ नका, फळीवर घ्या. दवाखान्यात साइटचं नाव, पत्ता आणि 'कामावर असताना' हे शब्द केसपेपरवर लिहून घ्या. गेटवरच्या फलकाचा फोटो घ्या, त्यावर विकासक, ठेकेदार आणि महारेराचा नंबर असतो. मुकादमाने पाठवलेले पैसे, हजेरीचे मेसेज, फोनपेच्या नोंदी जपून ठेवा. तो तिथे कामाला होता याचा तोच पुरावा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. आणि हे गावच्या कुटुंबाला नक्की सांगा : भरपाईचा दावा करायला ठाण्याला खेटे घालावे लागत नाहीत. वारस जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, तो दाखल करता येतो. फक्त उशीर करू नका.

आणि पुढच्या वेळी बातमीखाली, ग्रुपवर, चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं की बेल्ट लावला नव्हता, तर वाद घालू नका. शांतपणे विचारा, हुक कशाला अडकवायचा होता?